खाणीतलं हॉटेल आणि हरवलेलं मंगळसूत्र

स्टेशन डायरीत त्या घटनेची नोंद जेमतेम चार ओळींची आहे. मला मात्र तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. निवृत्त म्हणावं असं माझं वय नाही. सहा वर्षं उपनिरीक्षक म्हणून नोकरी केली आणि स्वतःहून राजीनामा दिला. त्यातली पहिली दोन वर्षं पुणे शहराच्या अगदी कडेच्या एका पोलीस ठाण्यात गेली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे जबाब लिहिताना मी अडखळायचे. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणंही मला कधी जमलं नाही. मी लोकांच्या हातांकडे बघायचे.

दुपारी बाराच्या सुमारास ठाणे अंमलदारांनी फोन घेतला. डोंगरातल्या गुहा-हॉटेलात एका बाईंचं मंगळसूत्र स्पामधून चोरीला गेलं होतं. मी आणि आमचे जुने हवालदार जीपने निघालो.

हॉटेल म्हणजे एक बंद पडलेली दगडखाण. काळ्या कातळात खोल्या कोरल्या होत्या आणि आत जायला एक बुटका, लांब बोगदा होता. दोन्ही बाजूंना दिव्यांसाठी कोनाडे. बोगद्याच्या तोंडाशी पादत्राणं काढायची, पलीकडे स्पा. तिथून बाहेर पडलं की एकदम मोकळा व्हरांडा, खाली खाणीत साठलेलं हिरवं पाणी आणि समोर डोंगरांच्या रांगा. हवालदारांनी एका दिवसाचं भाडं विचारून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या कोठडीच्या भिंतीपण दगडाच्याच आहेत. फक्त देखाव्याची सोय नाही."

तक्रारदार बाई सदाशिव पेठेतल्या, निवृत्त शिक्षिका. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून परदेशातल्या मुलाने दोघांना इथे दोन दिवसांची भेट दिली होती. त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं समोर बसवलं. "मी सांगते तसं लिहा. मध्ये विचारू नका," म्हणाल्या. मंगळसूत्र स्पाच्या लॉकरमध्ये ठेवलं, तासाभराने बाहेर आले, लॉकर उघडला तर नाही. मसाज करणाऱ्या मुलीशिवाय तिथे कोणी नव्हतं. मी तसंच लिहिलं.

ती मुलगी शेजारच्याच गावची सून होती. आम्ही पोचण्याआधीच मॅनेजरने तिला गणवेश उतरवायला लावला होता. ती घरच्या साडीत बाकावर बसली होती आणि येणारे-जाणारे तिच्याकडे वळून बघत होते. दोन महिला पंचांसमोर मी तिची आणि तिच्या सामानाची झडती घेतली. काही मिळालं नाही. मग मी तिची चौकशी सुरू केली. एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला, आवाजही चढवला. त्या दिवशी मला खात्री वाटत होती की चोर तीच आहे. तसं वाटायला माझ्याकडे तिच्या गरिबीशिवाय काहीही नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

"मॅडम, ह्याच खाणीत माझ्या सासऱ्यानं दगड फोडला," ती म्हणाली. "आता मी हितं सावलीत काम करती. ही नोकरी गेली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि माझ्या बी गळ्यात हाय की ओ मंगळसूत्र. दुसरीचं कसं उचलंन मी?"

मी बाईंकडे परत गेले. त्यांचे यजमान व्हरांड्यात डोंगराकडे तोंड करून शांत बसले होते. मी त्यांना विचारलं, "काका, काकू स्पात होत्या तेव्हा तुम्ही कुठे होता?" उत्तर बाईंनी दिलं, "इथेच." चहा घेणार का विचारलं, त्याचंही उत्तर बाईंनीच दिलं. मी सवयीने काकांच्या हातांकडे पाहिलं. डाव्या मनगटावर घड्याळाचा फिकट पट्टा उमटलेला होता, घड्याळ नव्हतं. बोटावर अंगठीचा वळ होता, अंगठी नव्हती. या दोन वस्तूंबद्दल बाईंनी तक्रारीत एक अक्षर काढलं नव्हतं.

आता मी बोगद्याच्या तोंडाशी बसणाऱ्या रखवालदाराला गाठलं. सकाळी ते काका एकटे इथून गेले का, असं विचारलं. तो हसला. सकाळी काका बूट काढून त्याच्यापुढे ताठ उभे राहिले होते आणि "बिल्ला द्या" म्हणत होते. त्याला वाटलं, आजोबा थट्टा करतायत. इथे बिल्ला वगैरे नसतो, असं सांगून त्याने त्यांना आत सोडलं होतं.

मला यातून काही कळेना, पण हवालदार माझ्या शेजारी उभे होते. ते खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले. त्यांनी बाईंकडे जाऊन एवढंच विचारलं, "काका दारूगोळ्याच्या कारखान्यात होते का?"

होते, तीस वर्षं. हवालदारांचे वडीलही तिथेच होते. जिथे स्फोटकं भरतात त्या इमारतींना मातीचा उंच बांध असतो आणि आत शिरायला असाच बोगदा. आत धातू न्यायचा नाही, ठिणगी पडेल म्हणून. बूट, घड्याळ, अंगठी, सगळं दाराशी जमा करायचं आणि बिल्ला घ्यायचा.

मी बाईंना एकट्यांना स्पाच्या प्रतीक्षा खोलीत बसवलं. वही मिटून ठेवली आणि विचारलं, "काकू, मंगळसूत्र तुम्ही काकांकडे दिलं होतं ना?"

त्यांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं, मग सांगितलं. काकांचं विसरणं वर्षभर चाललं होतं आणि त्या एकट्या सांभाळत होत्या. बाहेर आल्यावर मंगळसूत्र मागितलं तर काका म्हणाले, कसलं मंगळसूत्र? तेवढ्यात मॅनेजरने विचारलं, लॉकरमध्ये होतं का, आणि त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं. "मुलाला कळलं तर तो यांना कुठेतरी ठेवायचं म्हणेल," त्या म्हणाल्या. "म्हणून मी त्या पोरीवर आळ येऊ दिला. मी मुलांना चाळीस वर्षं खरं बोला सांगत आले हो."

काकांची चौकशी कशी करायची हा प्रश्न हवालदारांनी सोडवला. ते व्हरांड्यात गेले, टोपी काखेत धरली आणि म्हणाले, "साहेब, पाळी सुटली. तुमचं सामान घ्यायचं राहिलंय."

काका लगेच उठले. कोणाला काही न विचारता बोगद्यातून बाहेरच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि उजवीकडच्या कोनाड्यात, दिव्यामागे, हात घातला. रुमालाची पुरचुंडी निघाली. त्यांनी ती सोडून एकेक वस्तू तपासली: घड्याळ, अंगठी, मंगळसूत्र. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं बरोबर आहे. सही कुठे करू?"

मी माझी खिशातली वही पुढे केली.

बाईंनी मॅनेजरसमोर, सगळ्या नोकरांसमोर सांगितलं की आपण खोटं बोललो, या मुलीचा काही दोष नाही. मग त्या मंगळसूत्र घालायला लागल्या, पण मानेमागे कडी लागेना. ती मुलगी पुढे झाली, म्हणाली, "काकू, मान जरा खाली घ्या," आणि कडी लावून दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मॅनेजरने गणवेश परत आणला तेव्हा तिने तो त्याच्या हातून घेतला नाही, टेबलावर ठेवायला लावला आणि मग उचलला. मीही तिची माफी मागितली. गणवेश उतरवून साडीत बसवलेली ती मला लगेच चोर वाटली, आणि माझ्या अंगावरच्या गणवेशामुळे माझा संशयच खरा ठरत होता, हे काही मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

गुन्हा दाखल झाला नव्हता. वस्तू मिळून आली, तक्रार नाही, अशी नोंद करून आम्ही कागद मिटवले. निघताना बाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून मुलाशी फोनवर बोलत होत्या. पुढे दिवाळीत त्यांचा ठाण्यावर फोन आला. मुलगा महिनाभर येऊन राहिला होता, काकांना डॉक्टरकडे नेलं होतं, आणि त्यांना कुठेतरी ठेवायचा विषय निघाला नव्हता. औषधांनी फार फरक नाही, पण आता सांभाळायला आपण एकट्या नाही, असं म्हणाल्या. हॉटेलातल्या त्या मुलीला फराळाचा डबा पाठवला होता, तिने डबा धुऊन, आत गावच्या चिंचा भरून परत पाठवला.

त्यानंतर जबाब घेताना, चटकन आलेलं "हो" मी कधी लगेच लिहिलं नाही. पेन उचलून धरायचे आणि माणसाला अजून थोडा वेळ द्यायचे. पुष्कळदा त्या वेळात खरं बाहेर यायचं.

ती खिशातली वही अजून माझ्याकडे आहे. काकांची सही ठळक, जराही न थरथरलेली आहे, आणि खाली त्यांनी न विचारता आपला बिल्ला नंबर लिहिला आहे.