खालच्या तुकड्यातलं मीठ

प्राचीन इराकातली सुमेरियन भाषा शिकायला मी जर्मनीत गेले, तेव्हा सांगलीजवळच्या आमच्या गावात कुणी फार खोलात शिरलं नाही. माझे वडील, आप्पा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. ते लोकांना सांगत, "मातीच्या पाट्यांवरलं जुनं वाचती."

ते वाचणं दमवणारं होतं. एकेका खुणेचे चार-चार उच्चार. दिवसभर डोळे ताणून दोन ओळी लागायच्या, त्याही बहुतेक सातूच्या मापाच्या. दुसऱ्या वर्षी आमच्या प्राध्यापक बाईंनी त्या सुमेरियन लोकांच्या शेतीवर एक तास घेतला. पिढ्यान्‌पिढ्या पाटाचं पाणी पाजून तिथल्या जमिनीत मीठ वर आलं. आधी गहू गेला, सातू थोडा जास्त तगला. विद्वानांत यावर वाद आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मला मात्र आमचा ओढ्याकडचा खालचा तुकडा दिसत होता. तिथला ऊस पिवळा पडतोय, असं आई फोनवर म्हणाली होती.

सुट्टीत आले ती बॅग टाकून रानातच गेले. सऱ्यांवर पांढरं फुटलं होतं. आप्पा बांधावर उभे, मोटर चालू.

"आप्पा, पाणी कमी करा. हे पाण्यानंच झालंय."

"पाणी तोडून ऊस येतोय व्हय?"

मी वर्गातलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या लोकांनी काय केलं?"

"काही ठिकाणी रानं सोडून दिली."

"आन् ह्ये शिकायला एवढ्या लांब गेलीस," ते म्हणाले. रागानं नाही.

तरी त्यांनी पाणी कमी केलं, आणि रानातलं मीठ धुऊन जावं म्हणून चर काढायचं मनावर घेतलं. पण चर ओढ्याला न्यायचा तर चुलत्यांच्या रानातून जायला हवा. आप्पा गेले, मग मी गेले. चुलते चहा पाजत आणि म्हणत, "बघू की." मी शिक्षण संपवून परत आले तरी ते बघतच होते. मग त्यांच्याही उसात पांढरं फुटलं. एका सकाळी तेच आमच्या दारात आले आणि खाली बघत म्हणाले, "दादा, चर काढू या."

तोवर आप्पांचे गुडघे गेले होते. त्यांनी खुर्चीत बसून काम करून घेतलं. चरात भोकाचे पाइप पुरले, खारवट माती सुधारायला जिप्सम टाकलं, हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला. दोन पावसाळ्यांनंतर वरच्या अंगाला ऊस धरला. ओढ्यालगतचा कोपरा गेला तो गेलाच. तिथं आता वेड्या बाभळी आहेत.

मी कराडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. सुमेर अभ्यासक्रमात अर्धं पान आहे. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून मुलं वही मिटून बसतात. मीही ते पान भरभर उरकते, एसटीनं घरी येते आणि चहाच्या आधी जरा आडवी होते.