रुंद म, अरुंद म

श्रावण वानखडे अकोल्यातल्या एका लहानशा छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा. उलटी अक्षरं बघून बघून त्याला दुकानांच्या पाट्याही कधी कधी उलट्या दिसायच्या. जिनिंगच्या दिवसांत कापसाची म्हातारी खिडकीतून तरंगत आली की हातातली ओळ तशीच राहायची आणि तो तिच्या मागे मागे कुठंतरी निघून जायचा.

बासष्टच्या हिवाळ्यात मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारं पुस्तक छपाईला आलं. जुना टाइप रुंद, नवा अरुंद, आणि खणांमध्ये दोन्ही मिसळलेले. प्रूफ तपासणाऱ्या चंद्रभान मास्तरांनी चाचणीचा कागद लाल खुणांनी भरून टाकला.

मालक खुशालराव म्हणाले, "शब्द बरोबर हायेत ना? मशीन अडून राहिली काय? मंग छापून टाका!"

श्रावणनं तो कागद घरी नेला. त्याची बायको मनकर्णा त्याच वर्षी अक्षरं शिकायला लागली होती. ओट्यावरच्या उन्हात बसून ती बोट ठेवून वाचू लागली, "मामी मोटा..." आणि थांबली.

"हा म येगळा हाये काय?"

"नाई वं, तोच हाये. खिळा दुसरा लागला."

"मले वाटलं, आजूक एक अक्षर शिकाचं राह्यलं." तिनं कागद बाजूला सारला. "राहू द्या. माह्यानं नाई होत हे."

श्रावणनं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

सकाळी तो खुशालरावांना म्हणाला, "मालक, वाचता येते त्याईच्यासाठी नाई हे पुस्तक. माही बायको एका म पाशी अडली."

खुशालरावांनी कागदावरच्या दोन्ही म वर बोट फिरवलं. मग म्हणाले, "सोड पानं."

श्रावणनं दोऱ्यानं बांधलेली खिळ्यांची पानं सोडली. मास्तरही चष्मा पुसून शेजारी येऊन बसले. एकेक खिळा चिमटीत धरायचा, जाडी बोटांना कळायची, रुंद इकडे, अरुंद तिकडे, डोळे अर्धे मिटले तरी चालायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या अफाट गर्दीत श्रावणची आई पुन्हा पुन्हा विचारत होती, "त्या पाटीवर काय लिवलं हाये रे?" तो आवाज त्याला त्या शांततेत स्पष्ट ऐकू येत राहिला.

पुढच्या प्रूफावर मास्तरांची लाल पेन्सिल फिरत फिरत खाली आली आणि कुठंच टेकली नाही.

छापलेलं पान मनकर्णानं एका दमात वाचलं. मामी मोटारीनं अकोटच्या बाजारात गेली. धडा तिथंच संपला.

"मंग? काय घेतलं तिनं बाजारात?"

"लिवलं नाई."

"काहून नाई लिवलं?" मनकर्णा चिडली. थोड्या वेळानं दूर बघत म्हणाली, "हिरव्या बांगड्या घेतल्या असतीन."

"आन् फुटाने," श्रावण म्हणाला.