सिंधुबाईची इटालियन पंगत

लातुरात सिंधुबाईच्या मेसमध्ये ‘पुरे’ हा शब्द चालत नसे. नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी ते सभ्यपणानं ताटावर हात आडवा धरून म्हणायचं, ‘‘बस मावशी, पुरे.’’ सिंधुबाई तो हात माशी हाकलावी तसा बाजूला करायची आणि वरणाची पळी ओतून पुढं जायची. दोन-चार दिवसांत पोरगं शहाणं व्हायचं. खरंच पोट भरलं असेल तर उठून पळून जावं लागतं, हे त्याला कळायचं.

ही सवय तिला भूकंपानं लावली. त्या पहाटे तिचं सासरचं गाव जमीनदोस्त झालं, तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये मदतीचं अन्न शिजायचं आणि ते वाढायला तरणी म्हणून हिला उभं केलेलं. ज्यांच्या घरी कालपर्यंत धान्याच्या कणग्या होत्या, ती माणसं ताट पुढं करायला लाजायची. एक म्हातारा होता अण्णाराव नावाचा. घरातलं कुणी उरलं नव्हतं. अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटावर हात ठेवून म्हणाला, ‘‘पुरे माय.’’ सिंधुबाईनं त्याचा हात उचलून बाजूला केला आणि आणखी भाकरी वाढली. म्हाताऱ्यानं ती रडत रडत खाल्ली, मग आणखी एक खाल्ली. तेव्हापासून तिची खात्री झाली, की पुरे म्हणणारं माणूस बहुतेक वेळा नुसतं लाजत असतं.

भूकंपानं तिला आणखी एक खोड लावली. स्लॅबखाली किंवा बंद खोलीत तिला स्वयंपाक होत नसे. डोक्यावर आभाळ हवं, नाहीतर फार फार तर पत्रा. नवरा शेषेराव लातुरात रिक्षा चालवायला लागला, क्लासेसच्या गल्लीत खोल्या घेतल्या, तेव्हाही तिनं चूल मांडली ती मागच्या अंगणात. गल्लीत डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांचा महापूर आला होता. घर तिथं कॉट आणि जिना तिथं क्लासची पाटी. या पोरांना जेवायला घालता घालता सिंधुबाईचं बरं चाललं.

त्यातच नांदेडहून अलीझा आली. तिथल्या इतवारा बाजारात कापडाचं दुकान असलेल्या निजामोद्दीनभाईंची ही एकुलती एक लेक. आली तेव्हा गुबगुबीत होती. मग अभ्यासानं अशी काही झपाटली, की जेवता जेवता डोळे मिटून सूत्रं पुटपुटायची. खायची चांगली, पण अंगाला काही लागायचं नाही. एका सुट्टीत तिची आई मलिकाबी भेटायला आली आणि लेकीला पाहून दारातच मटकन बसली. मग भर पंगतीत, पोरापोरींच्या देखत तिनं विचारलं, ‘‘क्या बाई, मेरी पोट्टी सूख के काँटा हो गई! खाना देते की नहीं तुम?’’

सिंधुबाईला कुणी काही बोललं तर ती दुप्पट बोलायची. पण त्या दिवशी ती पळी तशीच वरणात सोडून चुलीशी जाऊन बसली. तिला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण लेकराला उपाशी ठेवलं म्हणणं म्हणजे काळजात सुरी. पुढं किती दिवस ती भाकरी थापताना मधेच थांबायची आणि शेषेरावला विचारायची, ‘‘आवं, मी हातचं राखून वाढते का वो?’’ शेषेराव आपल्या पोटाकडं बोट दाखवायचा. पण त्यानं तिचं समाधान होत नसे.

अलीझाचा निकाल लागला आणि पोरीला सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. नांदेडच्या घरी रविवारी पार्टी ठरली. पेढे घेऊन आलेली अलीझा सिंधुबाईच्या गळ्यातच पडली. ‘‘मावशी, बिर्याणी अम्मी करणार. पण माझ्या मैत्रिणींना आधी इटालियन स्टार्टर पाहिजेत. ते तुम्हीच करायचे. लई सोपं असतं, हा व्हिडिओ बघा.’’

सिंधुबाईनं मोबाइल हातभर लांब धरून व्हिडिओ पाहिला. भाजलेल्या पावावर लसूण घासायची, वर टोमॅटो बारीक चिरून टाकायचे, तेल, मीठ आणि पानं. दुसऱ्यात तर एका काडीला टोमॅटो, चीजचा तुकडा आणि एक पान टोचलं की झालं.

‘‘आगं, ही तर कोशिंबीर हाय. पावावर बसवली न् इटलीला गेली व्हय?’’ ती म्हणाली. पण मनातल्या मनात तिनं पदर खोचलाच होता. मलिकाबीच्या घरात, मलिकाबीच्या डोळ्यांदेखत वाढायची संधी देवानं दिली होती. आपण पोरीला कसं खाऊ घातलं असेल, हे त्या माउलीला आता दिसलं पाहिजे. नाहीतर पोरगी डॉक्टर होऊन म्हातारी झाली तरी हा डाग काही पुसला जायचा नाही.

एकच गोष्ट अडली. ‘‘ही पानं कशाची?’’

‘‘बेसिल. म्हणजे आपल्या तुळशीचीच बहीण.’’

‘‘लसणावर तुळस?’’ सिंधुबाईनं मोबाइल खाली ठेवला. ‘‘आन् तेबी रविवारी? रविवारी तुळशीला हात लावत न्हाईत, माय. मी कोथिंबीर घालते. इटलीवाल्यांला कोण सांगायला चाललंय?’’

रविवारी नवरा-बायको टोमॅटोचं टोपलं घेऊन नांदेडला पोचले. निजामोद्दीनभाईंनी पाव आणि चीज आणून ठेवलं होतं. मलिकाबीनं घासून-पुसून लख्ख केलेलं स्वयंपाकघर दाखवलं. वर भक्कम स्लॅब, खिडकी एवढीशी. सिंधुबाई उंबऱ्यावरच अडखळली. ‘‘भाभी, मी बाहेर आंगणात बसू का?’’

मलिकाबीचा चेहरा उतरला. मुसलमानाच्या स्वयंपाकघरात हिला शिजवायचं नाही, असाच तिनं अर्थ लावला. ‘‘जैसी मर्जी,’’ एवढंच बोलून ती वळली. सिंधुबाईला कळलं की सुरुवातच फसली आणि तिनं नवऱ्याकडं पाहिलं. शेवटी शेषेरावच पुढं झाला. ‘‘भाभी, वाईट वाटून घेऊ नका. भूकंपापासून हिला छताखाली करवत न्हाई. आमच्या घरीबी हेच हाय.’’

मलिकाबी थांबली. मग स्वतःच्या हातानं शेगडी उचलून तिनं अंगणात आणून ठेवली आणि बसायला पाटही दिला.

सिंधुबाई तव्यावर पाव भाजू लागली. भाजता भाजता वाऱ्याबरोबर एक वास आला. तुळशीसारखा, पण गोडसर, बडीशेपेकडं झुकणारा. भिंतीजवळच्या डब्यांत हिरवीगार रोपं होती. तिनं एक पान चुरगळून नाकाशी धरलं. ‘‘भाभी, ही कशाची झाडं?’’

‘‘ये? सब्जा आहे. रमजानला सरबतात बी टाकतो ना, तोच. पत्ते सासूबाईंच्या मजारवर नेतो दर जुमेरातला, गुरुवारी.’’

तेवढ्यात अलीझा आली, एक पान तोंडात टाकून नाचायलाच लागली. ‘‘मावशी, अम्मी, हेच तर बेसिल! मी हैदराबादहून मागवणार होते!’’

सिंधुबाईनं पानाकडं हात नेला आणि मागं घेतला. मजारवर जाणारं पान आपण कसं तोडावं? मलिकाबीनं ते बरोबर हेरलं. रविवारच्या तुळशीची गोष्टही तिला अलीझानं सांगितली होती. तीच वाकली, ओंजळभर पानं खुडली आणि सिंधुबाईच्या परातीत टाकली. ‘‘तुमची तुळस रविवारी सोती, हमारा सब्जा जागता है,’’ ती म्हणाली. दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडं बघून हसल्या. तेल मात्र सिंधुबाईला पटेना. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल तिनं आजवर बाळांच्या मालिशीलाच पाहिलं होतं. ‘‘लेकराला लावायचं ते पाव्हण्याला खाऊ घालायचं!’’ असं म्हणत तिनं ते थेंब थेंब सोडलं.

दिवस कलला आणि गच्चीवर पाहुणे जमले. अलीझानं बजावलं, ‘‘मावशी, एकेकाला दोनच द्यायचे हं. हे नुसतं स्टार्टर आहे.’’ सिंधुबाईनं मान हलवली. मान हलवायला तिचं काय जातंय!

ती परात घेऊन वर गेली. उघड्या आभाळाखाली माणसं, हातात रिकाम्या प्लेटा. एवढं पाहिल्यावर तिचे हात तिच्या ताब्यात राहिले नाहीत. पहिल्या पोरीनं दोन टोस्ट खाऊन ‘‘वाव आंटी, बस’’ म्हटलं. सिंधुबाईनं तिचा हात बाजूला सारला. ‘‘दोन घासांत काय होतंय? पाव्हण्याच्या तोंडाला पानं पुसायची का?’’ आणि आणखी दोन टाकले. अलीझाच्या मामूंनी प्लेट पाठीमागं लपवली, तर ही मागून गेली. तिच्या जाडजूड खालांना, म्हणजे मावशीला, काड्यांवरचं चीज आवडलं म्हटल्यावर त्यांच्या पुढ्यात काड्यांची जुडीच ठेवली. खरी गोष्ट अशी की ते झालंही होतं झकास. कुरकुरीत पाव, लसणाचा खमंग वास, आंबट टोमॅटो आणि वर तो सब्जा. लोक नाही म्हणत होते आणि खात होते. पाव संपले, शेषेराव बेकरीत पळाला. पुन्हा संपले, पुन्हा पळाला. त्यानं स्वतः मात्र एकाही टोस्टला हात लावला नाही. तो सकाळपासून बिर्याणीसाठी पोट राखून होता.

मग मलिकाबीनं देगचं झाकण काढलं. केवड्याचा आणि तळलेल्या कांद्याचा वास गच्चीभर पसरला. ही बिर्याणी खायला लोक परभणीहून येत. मलिकाबी हातात कफगीर, बिर्याणी वाढायचा मोठा झारा, घेऊन उभी राहिली.

कुणी उठेना.

‘‘या ना,’’ निजामोद्दीनभाई म्हणाले. मामूंनी पोटावरून हात फिरवला आणि केविलवाणं हसले. खाला खुर्चीतून हलल्याच नाहीत. मैत्रिणी एकमेकींकडं बघू लागल्या. पुढं आला तो एकटा शेषेराव, प्लेट घेऊन, आनंदानं.

सिंधुबाईच्या हातातली परात जड झाली. काय झालं ते तिला आत्ता कळलं. माउलीनं लेकीच्या आनंदासाठी पहाटेपासून खपून केलेलं अन्न तसंच पडलं होतं आणि ते आपल्यामुळं. डाग पुसायला आलो आणि अख्खी दौतच सांडून बसलो. ती गुपचूप जिना उतरली, अंगणात शेगडीजवळ बसली आणि परात घासायला लागली. परात कधीच स्वच्छ झाली होती, तरी ती घासत राहिली.

पावलं वाजली. मलिकाबी समोर येऊन उभी होती.

‘‘भाभी, चुकलं माझं,’’ सिंधुबाई मान वर न करता म्हणाली. ‘‘अलीझा दोन म्हणली होती. मला दोन वाढताच येत न्हाई वो.’’

मग तिनं वर पाहिलं, तर मलिकाबी ओढणी तोंडावर धरून हसत होती. हसता हसता खालीच बसली. ‘‘या अल्ला! मेरे घर में आज तक बिर्याणी उरली नव्हती. पाव के टुकड्यांनी हरवलं मला!’’ मग तिनं डोळे पुसले आणि सिंधुबाईचा ओला हात हातात घेतला. ‘‘सिंधुबाई, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ना तुम्हाला. गलती मेरी थी. जी बाई आज आलेल्या पाहुण्यांना नक्को म्हणू देत नाही, ती माझ्या पोट्टीला भुकी कशी ठेवेल? आज मैं अपनी आँखों से देखी.’’

सिंधुबाईनं परात अखेर बाजूला ठेवली. वरून पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता. बिर्याणी डब्यांत भरून घरोघर न्यायचं ठरलं होतं आणि शेषेराव सगळ्यांना डबे भरून देत होता.

मलिकाबी उठली आणि थाळी भरून घेऊन आली. सकाळपासून सिंधुबाईच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं, हे वाढायच्या नादात तिच्याही ध्यानात नव्हतं. ती खायला बसली. थोडी खाऊन झाल्यावर मलिकाबीनं पुन्हा कफगीर पुढं केला, तसा सिंधुबाईनं थाळीवर हात आडवा धरला.

‘‘पुरे, भाभी.’’

बोलली आणि तिची तिलाच ओळख पटली. पोट भरलं नव्हतं. लाज वाटत होती, इतकंच. मलिकाबीनं तिचा हात धरून बाजूला केला आणि बिर्याणी वाढली. सिंधुबाई रडत रडत जेवली. दुसऱ्यांदा कफगीर आला, तेव्हा तिनं हात आडवा धरला नाही.