मुळ्यावरच्या अळीचे पाय

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला महिनाभर वाकायला बंदी केली, आणि चौलच्या आमच्या वाडीतले बियाण्यासाठी राखलेले वीस मुळे माझ्या गळ्यात पडले. तिच्या माहेरचं बियाणं ते. जुन्या बियाण्याची बरणी रिकामी झाली होती. म्हणजे जे काही उरलं होतं ते या वीस झाडांवर.

एक दिवस पानांना भोकं दिसली. काळपट हिरव्या अळ्या. आई ओटीवरून म्हणाली, "राख मार गो सकाळी, दंव असताना." मी शाळेत विज्ञान शिकवणारी, राख कसली मारतेय? अळी म्हणजे फुलपाखराची नाहीतर पतंगाची, असं परस्पर ठरवलं आणि त्यांच्यावरचं जिवाणूंचं औषध आणून फवारलं. शाळा सुटल्यावर भर दुपारी जाऊन पाहिलं, तर एकही अळी नाही. आईला ते ऐटीत सांगितलंही.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळीच गेले, तर बऱ्याच झाडांच्या नुसत्या शिरा उरलेल्या आणि अळ्या मजेत खातायत. एकीला बोट लावलं, तशी ती वेटोळं करून खाली पडली. तिला भिंगाखाली धरून पोटाखालचे मऊ पाय मोजले. आठ जोड्या. फुलपाखराच्या अळीला पाचाच्या वर नसतात. ही करवती माशीची अळी, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, मुळा-मोहरीवर येणारी. माझं औषध हिला लागूच पडणार नव्हतं. आधी पाय मोजा, मग नाव द्या, असं मी वर्गात दरवर्षी बजावते.

आईला सांगायची मला भीती वाटत होती. तिने काळ्या चष्म्याआडून ऐकून घेतलं.

"दुपारी बघितलंस व्हय? ऊन चढलं की त्या मातीत शिरतात. सूप धर खाली नि झाड हलव. मेल्याचं सोंग घेऊन पडतात."

आठवडाभर शाळेआधी सुपात अळ्या झाडून साबणाच्या पाण्यात टाकल्या, राखही मारली. वर्गात शिकवताना जीव वाडीत अडकलेला असायचा.

सात झाडं वाचली. शेंगा वाळल्यावर मूठभर बी निघालं. आईने ते चाळलेल्या राखेत कालवून बरणीत भरलं आणि बरणी फडताळात न ठेवता माझ्या हातात दिली.

"पुढच्या साली माझ्याच्याने न्हाय व्हायचं," ती म्हणाली. "तू पेर. आणि सकाळची बघत जा."