अब्बांच्या कबरीची माती

अब्बांना नेलं तेव्हा श्रावणातली झड लागलेली होती. घरात बायका, ओसरीवर पुरुष आणि मधल्या दारात मी. जनाजा उचलला तशी मीही मागोमाग निघाले, तर कोणीतरी माझी ओढणी धरून मला मागं खेचलं. तेवढ्यात ओसरीवरून एक वाक्य कानावर आलं.

"बिचाऱ्याले पोरगा नाई. रमजानात याच्या कबरीवर फातिहा कोण वाचंल?"

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. शेजारच्या उस्तानीकडे बसून माझा कुरआन दोनदा वाचून झालेला होता. हे बोलणाऱ्या गृहस्थाला अलहमदुच्या, म्हणजे पहिल्याच पाठाच्या, पुढं फारसं येत नव्हतं, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण तो पुरुष होता, कब्रस्तानच्या फाटकातून आत जाऊ शकत होता. त्या दिवशी मला दुःखापेक्षा रागच जास्त आला होता, आणि तो राग मी चांगला जपून ठेवला.

अब्बा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांपर्यंत कापूस घेऊनच. अम्मा त्यांना दारातच थांबवायची, फडक्यानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. आमच्या घरची बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. नमाजला उर्दू आणि भांडणाला वऱ्हाडी, अशी अब्बांनी तिची वाटणी केली होती. मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केल्याचं मला आठवत नाही. लोकांनीच ते काम त्यांच्या वतीनं करून टाकलं होतं.

रमजानात कबरीवर जाण्याची रीत आमच्याकडे जुनी. या महिन्यात मागितलेल्या दुआचं मोल वाढतं आणि गेलेली माणसं आपल्या माणसांची वाट बघत असतात, असं अम्मा मानायची. अब्बा जिवंत असताना दर रमजानात दिवस कलताना, असरच्या नमाजनंतर आपल्या आईवडिलांच्या कबरीवर जायचे. परत आले की तासभर कोणाशी मोठ्यानं बोलायचे नाहीत. एकदा मी विचारलं होतं, तिथं जाऊन काय होतं? ते म्हणाले, "त्याहिले काय होते ते अल्लाले माहीत. आपला माज मात्र उतरते." हे उत्तर मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं.

बायकांसाठी रीत वेगळी होती. आम्ही कब्रस्तानच्या भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहायचो, आतल्या दिशेनं हात पसरून वाचायचो आणि परतायचो. पुसदची एसटी धूळ उडवत गेली की आमीन म्हणता म्हणता ठसका लागायचा. अब्बांची कबर तर त्या भिंतीवरून दिसायचीही नाही. ती पार मागच्या बाजूला, बाभळीपाशी आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. ज्या माणसाबरोबर अम्मानं अर्धं आयुष्य काढलं, तो नेमका कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "मले जागा तरी दिसाले पाहिजे," असं ती अधूनमधून म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात बसायची तिची इद्दत संपली आणि मागोमाग रमजान लागला. ऐन थंडीतला, ऐन कापसातला रमजान. आम्ही दोघी पहाटे सेहरी करून वेचणीला जायचो. आमच्याबरोबर शेजारच्या वस्तीतली मावशी असायची. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं घरातले देव बाहेर काढले होते. बाई मोठी खमकी होती. आमचे रोजे सुरू असले की ती आमच्यासमोर पाणी प्यायची नाही, आणि "तुमच्यापायी माह्या घशाले कोरड पडली" म्हणून दिवसभर कुरकुरायची.

पहिल्याच आठवड्यात जमातीचे बडे मियाँ दारात आले. कब्रस्तानची देखरेख त्यांच्याकडे होती. फाटकाजवळच्या ओट्यावर काठी घेऊन बसायचे. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बहू, तुह्या नवऱ्याची कबर धसली. भेग पडली हाये मोठी. माती टाका लागंल. कोणी माणूस पाठव."

आमच्याकडची काळी माती अशीच आहे. पावसात फुगते आणि थंडीत उलते. शेतातल्या भेगेत गुरांचा पाय अडकतो, तिथं कबरीची काय कथा. अम्माचा चेहरा मात्र पांढरा पडला. तिनं एवढंच विचारलं, "केवढी?" म्हाताऱ्यानं बोटं पसरून दाखवली आणि ते निघून गेले.

माणूस कुठून पाठवायचा? जिनिंगच्या दोन्ही पाळ्या सुरू होत्या. अब्बांचे सोबती "करतो ना भाभी, जुम्म्याले करतो" म्हणायचे. त्यांची नियत खोटी नव्हती, पण उसंत नव्हती. जुम्मे येत होते, जात होते. अम्माला सेहरीचा घास उतरेना. "घराले भेग पडली अन् आपण बसून राह्यलो," असं ती भाकर थापता थापता म्हणायची. अर्धा रमजान सरला तेव्हा मी सरळ म्हटलं, आपणच जाऊ. अम्मानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

तोडगा मावशीनं काढला, आणि तोही टोमणा मारून. वेचता वेचता ती थांबली, ओटीतला कापूस सावरत अम्माला म्हणाली, "काहून वं बाई, आमी घरातले सारे देव एका दिवसात उचलून बाहेर ठेवले. तुले एक फाटक ढकलता येत नाई?"

अम्मा वेचत राहिली. पण त्या दिवशी घरी येताना ती नाल्याकडे वळली आणि टोपलंभर मुरूम घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेचणीला गेलो नाही. अम्मानं पांढरी माती चाळली, तिच्यात गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, कालवलं आणि पाणी घालून पायानं तुडवली. घर लिंपताना ती शेण घालायची, आज घातलं नाही. आमच्या भागात भिंत माणसं उभी करतात, पण लिंपायची बाईनंच. भेग दिसली की बाईचा हात आपोआप तिकडे जातो. अम्मा मला शिकवत होती, "काळ्या मातीवर काळीच टाकली तं फिरून उलते. खाली मुरूम कोंबा लागते, वरून पांढरी." तिचा आवाज अगदी रोजच्या कामाचा होता. तो ऐकून माझी भीती गेली.

असरनंतर आम्ही तिघी निघालो. अम्माच्या डोक्यावर मुरमाचं टोपलं, माझ्या डोक्यावर मातीचं घमेलं आणि मावशीच्या कमरेवर पाण्याची घागर. बडे मियाँ ओट्यावरच होते. आम्हाला बघून उठले आणि फाटकात काठी आडवी धरली.

"बहू, बायका आत जात नाई. भाईर उभी राहून वाच."

"वाचाले नाई आली, लिंपाले आली. तुम्ही माणूस पाठव म्हटलं, माह्या घरी माणूस नाई."

"कबर पक्की करता येत नाई."

"पक्की कोण करते? मातीचीच हाये, मातीच लावतो."

"लोक बोलतील."

"बोलू द्या. रोज्यात पाठीमागं बोलतील तं रोजा त्याहिचाच खराब होईल."

मला हसू आलं, मी घमेल्याआड लपवलं. म्हाताऱ्याची काठी मात्र जागची हलली नाही. तेव्हा अम्मानं डोक्यावरचं टोपलं एका हातानं सावरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बडे मियाँ, उद्या मी मेली तं तुम्हीच चौघं मले खांद्यावर घेऊन याच फाटकातून आत न्याल. मेलेली बाई चालते. मंग आज आपल्या पायानं आली तं काय बिघडलं?"

एसटी आली आणि गेली. धूळ बसली. मग म्हाताऱ्यानं काठी खाली घेतली आणि आमच्याकडे पाठ करून आत चालू लागले. "मागं मागं या. कोणाच्या कबरीवर पाय देऊ नका," एवढंच म्हणाले. मावशी घागर घेऊन बिनधास्त आत आली. तिला कोणी विचारलंही नाही.

बाभळीखाली अब्बांची कबर होती. मध्ये खचलेली, लांबीभर उललेली. माझा हात कोपरापर्यंत आत गेला असता. अम्मा टोपलं उतरवून उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि तिनं सलाम केला. अब्बा पाळीवरून आल्यावर दारात करायची तसा, अगदी तोच आवाज. तिथं मला रडू फुटलं. अम्माला नाही. ती खाली बसली आणि मुरूम मुठीमुठीनं भेगेत भरू लागली.

आम्ही दोघींनी मिळून लिंपलं. ओठ सुकले होते, मावशी पाणी शिंपडत होती, बोटं थंडीनं आखडली होती. अम्मानं शेवटचा हात फिरवला तेव्हा तिच्या पंजाच्या खुणा मातीत तशाच राहिल्या. त्या तिनं पुसल्या नाहीत. मग मला म्हणाली, "वाच आता. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. ओसरीवरच्या त्या गृहस्थाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुरुवात केली. पण वाचता वाचता नजर आजूबाजूला गेली. मुलगेवाले, बिनमुलगेवाले, जिनिंगचे मालक, हमाल, सगळे एकाच दिशेला तोंड करून निजलेले. तो गृहस्थही इथंच येणार होता, मीही. माझा आवाज आपोआप खाली आला. इतके महिने जपलेला राग कोणावर काढायचा तेच कळेना. माज उतरतो म्हणजे काय, ते अब्बांनी सांगून कळलं नव्हतं. त्यांच्या कबरीपाशी हात मातीनं भरल्यावर कळलं. भिंतीबाहेर धूळ खात उभं राहून ते मला कधीच कळलं नसतं, असं मी आजही ठासून सांगते.

निघताना अम्मानं कबरीच्या शेजारची मोकळी जागा पाहिली. "इथं मले ठेवजा," ती बडे मियाँना म्हणाली.

"जागा राखता येत नाई बहू," ते म्हणाले.

"मी सांगून ठेवलं," अम्मा म्हणाली आणि रिकामं टोपलं उचललं.

पुढचे रमजान आम्ही दोघी जात राहिलो. लोक बोलले. एकदोघांनी घरी येऊन समजावलंही. अम्मा त्यांना इफ्तारचे खजूर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायची. माझं लग्नही तिनं हट्टानं गावातच लावलं. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं तेव्हा ती गेली. पुरुष तिला घेऊन गेले आणि मी पुन्हा मधल्या दारात उभी राहिले. संध्याकाळी बडे मियाँ स्वतः सांगायला आले. आता त्यांना नीट चालवत नव्हतं. "बाभळीखाली ठेवलं. तिनं सांगतलं होतं तिथंच."

पुढच्या रमजानात मी मुरमाचं टोपलं घेऊन एकटीच निघाले. वाटेत मनातल्या मनात सगळी उत्तरं घोटून ठेवली होती. अम्माएवढी धार माझ्या जिभेला नव्हती, पण मागं फिरायचं नाही हे ठरलेलं होतं.

फाटक सताड उघडं होतं. बडे मियाँ ओट्यावर बसले होते, काठी भिंतीला टेकलेली. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या टोपल्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मुरूम जास्तीचा हाये काय?" त्यांनी विचारलं. "माह्या घरवालीचीबी धसली. दरसाल काळी माती टाकतो, दरसाल उलते."

"हाये," मी म्हटलं. "पयले अम्माची. मंग तिची."

ते काठी धरून उठले आणि वाट दाखवायला माझ्या पुढं चालू लागले.