उडी दादाची, पाय धाकट्याचे

घरात त्याला अजूनही धाकटाच म्हणत. पन्नाशी उलटली होती, कानशिलं पांढरी झाली होती, तरी त्याचा फोन आला की वहिनी आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायची, "धाकटा आहे."

त्याचं काम असं होतं, की चार लोकांत सांगताना त्याला आधी आवाज खाली आणावा लागे. तो व्हिडिओ गेम खेळायचा आणि ते कसे आहेत ते लिहायचा. गाद्यांच्या दुकानाच्या वर एका वेबसाइटचं ऑफिस होतं, तिथे त्याची खुर्ची खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ करून होती, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून. ऐकणाऱ्याला वाटे, काय नशीब काढलंय याने. पण मिठाईच्या दुकानात उभं राहणाऱ्याला गोडाचा वाससुद्धा नकोसा होतो, तसं त्याचं झालं होतं. अंगठे सकाळी उठल्यापासून ठणकत. राजकन्या तर इतक्या सोडवून झाल्या होत्या की नवी कुणी मनोऱ्याच्या खिडकीत दिसली, की त्याला वाटे, बाई, आज तिथेच राहा, उद्या बघू.

दादा त्याच्याहून आठेक वर्षांनी मोठा. गाडी चालवायला शिकवायचा. शिकणारा चालकाच्या जागी, दादा शेजारी, आणि दादाच्या पायाखाली दुसरा ब्रेक. अर्ध्या गावाला त्याने शिकवलं होतं आणि त्या अर्ध्या गावाने त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. धाकट्याच्या कामाबद्दल त्याचं मत पहिल्यापासून ठरलेलं होतं. कुणी विचारलं, भाऊ काय करतो, तर तो म्हणे, "कॉम्प्युटरमध्ये आहे," आणि विषय बदले.

मग दादाच्या किडन्या गेल्या. एकाएकी नाही, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. गाडी सुटली, आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस मागे लागलं. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या रांगेत कामाला होती. तिच्या रजा पहिल्याच दोन महिन्यांत संपल्या. दादाला नेणं, बसणं, परत आणणं हे सगळं मग धाकट्याच्या गळ्यात आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: तुझं काय, तू कुठेही बसून खेळू शकतोस. हे त्याला लागलं, पण खोटं म्हणता येईना.

त्या खोलीत दहा-बारा खाटा होत्या, प्रत्येकीशेजारी एक यंत्र, आणि यंत्राच्या पोटात रक्ताची नळी फिरवणारं एक चाक. दादाचा डावा हात उशीवर सरळ ठेवलेला, त्यात दोन सुया. तो हात चार तास हलवायचा नाही. पाणी मोजकं. थंडी वाजे म्हणून उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत चादर. दादा छताकडे बघत पडून राही. धाकटा शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हातातला गेम खेळे. दोघं बोलत नसत. बोलण्यासारखं जे होतं ते येतानाच रिक्षात बोलून झालेलं असे.

अशात वेबसाइटच्या संपादिकेने एक नवा गेम त्याच्याकडे दिला. ती वयाने त्याच्या निम्मी, मुलगी हुशार, पण सतत घाईत. ऑफिसात सगळ्यात म्हातारा तोच, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत, तीही म्हणे. तिने सांगितलं, विनोदी आहे, राक्षस-जादूगारांच्या दुनियेतला आहे, उड्या मारत जायचं, वाटेत गुण कमवायचे, माणसांशी बोलायचं. तीन-चार पोरांनी मिळून केलाय, बघा तुम्हाला हसू येतं का.

गेमची गोष्ट अशी होती. एका राज्याचं रक्षण एक ड्रॅगन करत असे. तो म्हातारा झाला आणि त्याची कवळी चोरीला गेली. शेजारच्या राजांना कळलं की हा आता चावू शकत नाही. कवळी शोधायला जायचं कुणी? एका सरदाराच्या घोड्याला जुलाब, दुसऱ्याची सासू आलेली, तिसऱ्याचं चिलखत धुवायला टाकलेलं. शेवटी राजवाड्यातल्या हुजऱ्याला पाठवलं. त्याच्या हातात तलवार नाही, तबक. त्यानेच वार करायचा, त्यानेच अडवायचा. गुण कमावले की ते तीन ठिकाणी वाटायचे: चपळाई, नम्रता आणि उद्धटपणा.

धाकट्याने पहिल्या दिवशी तासभर खेळून वहीत एकच ओळ लिहिली: विनोद बरे, पण हसू नाही. मग ती खोडली. हसू नाही हा गेमचा दोष की आपला, हे त्याला सांगता येईना. गेले कित्येक महिने त्याला कशाचंच हसू आलं नव्हतं. ज्याची जीभच मेली आहे, त्याने आचाऱ्याला नावं काय म्हणून ठेवायची? त्याने संपादिकेला फोन करून सांगितलं, हा दुसऱ्या कुणाला द्या. ती म्हणाली, दुसरं कुणी मोकळं नाही, आणि ठेवून दिला.

तर तो तसाच खुर्चीत बसून खेळत होता. हुजऱ्या एका पुलावरून सारखा खाली पडत होता. दादा केव्हा मान वळवून बघायला लागला ते त्याला कळलं नाही.

"उशिरा उडी मारतोयस," दादा म्हणाला.

धाकट्याने सांगितलं की अंगठा दुखतो. दादाने विचारलं, उडीचं बटण कुठे आहे. उजवीकडे. आणि चालायचं? डावीकडे. दादाने चादरीतून उजवा हात बाहेर काढला. "आण इकडे. तू चालव, उडी मी मारतो."

खेळायच्या त्या यंत्राचे दोन तुकडे सुटे होत. डावा तुकडा धाकट्याने हातात ठेवला, उजवा दादाच्या तळव्यात दिला, आणि पडदा खाटेवरच्या जेवणाच्या टेबलावर उभा केला. पुढचा अर्धा तास हुजऱ्या राज्यातल्या प्रत्येक खड्ड्यात पडला. धाकटा चालवे तेव्हा दादा उडी मारत नसे, दादा उडी मारे तेव्हा हा थांबलेला असे. दादाचा आवाज चढू लागला. आधी वेग घे. वेग घेतल्याशिवाय उडीचं नावच काढायचं नाही. समोर बघ, पायाकडे काय बघतोस. शिकणाऱ्यांना ज्या आवाजात तो बोले, तोच आवाज कितीतरी दिवसांनी बाहेर आला होता. पलीकडच्या खाटेवरच्या मावशी डोळे मिटून पडल्या होत्या, त्यांनी डोळे न उघडता विचारलं, कोण गाडी शिकतंय?

मग एकदा दोघांचं जमलं. हुजऱ्या पूल ओलांडून रुबाबात पलीकडे उतरला, समोरच्या पहारेकऱ्याला त्याने लवून नमस्कार केला, आणि दादाचं बोट चुकून पडल्यामुळे लवलेल्या अवस्थेतच उडी मारून मागच्या मागे नदीत गेला. पहारेकरी म्हणाला, "असा निरोप माझा आजवर कुणी घेतला नव्हता." धाकट्याच्या नाकातून आधी नुसता वारा गेला, मग त्याला हसू आवरेना. दादाही हलायला लागला. सिस्टर आली आणि डाव्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, हा हात हलला तर तुमचं रक्त जमिनीवर. हसायचं असेल तर उजवीकडून हसा."

तेव्हापासून ते दर खेपेचं झालं. गुण वाटायची वेळ आली की दादा सगळेच्या सगळे उद्धटपणात टाकी. धाकट्याने समजावलं की असं करू नये, थोडे इकडे, थोडे तिकडे, तोल राखावा लागतो. दादा म्हणाला, नम्रतेने कुणाचं भलं झालंय ते मला दाखव. परिणाम असा झाला की त्यांचा हुजऱ्या भेटेल त्याचा अपमान करी. कुणी दार उघडेना. जिथे सभ्य माणूस दरवाजातून गेला असता, तिथे यांना भिंत चढावी लागे. दादाला त्याचं काही वाटत नव्हतं. दमला की तो हातातला तुकडा पोटावर ठेवून डोळे मिटी, आणि हुजऱ्या तिथेच भिंतीला लटकून राही.

एक दिवस दादाचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. पायात गोळे आले, तोंड राखेसारखं झालं. सिस्टरने खाट डोक्याकडून खाली केली, यंत्राचा वेग कमी केला. धाकटा दादाची पोटरी चोळत राहिला. त्या दिवशी खेळ झाला नाही, पुढच्या खेपेलाही नाही.

इकडे संपादिकेचे फोन सुरू झाले. गेम बाजारात आला, बाकीच्यांची परीक्षणं लागली, आजोबा, आपलं कुठे आहे? त्याने सांगितलं, अजून शेवटपर्यंत गेलो नाही. ती म्हणाली, शेवट न बघता लिहिलेलं मी छापत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. ते खरं होतं. मग त्याने ऑफिसात बसून, स्वतःच्या दोन्ही हातांनी, पहिल्यापासून वेगळा डाव मांडला. गुण नीट वाटले. अंगठ्यांना पट्ट्या बांधल्या. सभ्य हुजऱ्याला सगळीकडे दारं उघडत गेली. शेवटी ड्रॅगनला कवळी मिळाली, राजाने हुजऱ्याच्या छातीवर बिल्ला लावला, आणि हुजऱ्या तबक उचलून परत कामाला लागला. धाकट्याने परीक्षण लिहिलं: विनोद चांगले, उड्या अवघड, पाचपैकी चार तारे. तक्रार एकच, की गुण कुठेही वाटा, दारं-भिंती बदलतात, गोष्टीत काही फरक पडत नाही.

ते परीक्षण वहिनीने फोनवर उघडून कौतुकाने दादाला वाचून दाखवलं.

पुढच्या खेपेला रिक्षात दादा बोलला नाही. सुया लावून झाल्या, चाक फिरायला लागलं, धाकट्याने खेळायच्या यंत्राचे तुकडे सुटे केले आणि उजवा तुकडा पुढे केला. दादाने हात चादरीतच ठेवला.

"गाडी दोघं चालवत होतो ना?" तो छताकडे बघत म्हणाला. "मला वाटेत उतरवलंस आणि पुढे निघून गेलास."

धाकट्याने सांगून बघितलं. काम होतं, मुदत होती, तू आजारी होतास. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं. दादाने मान पलीकडे वळवली. चार तास धाकटा त्याच्या टाळूकडे बघत बसला. घरी सोडताना वहिनीने विचारलं, भावोजी, काय झालं? त्याने काही नाही म्हणून सांगितलं. त्याला इतकं थकल्यासारखं झालं होतं की तो जिन्यातच थोडा वेळ बसला.

दोन खेपा अशाच गेल्या. तिसऱ्या खेपेला दादानेच उजवा हात बाहेर काढला. एकच अट घातली: शेवट काय आहे ते सांगायचं नाही, तोंडावरही दिसू द्यायचं नाही.

मग ते पुन्हा त्याच भिंतीपासून निघाले. धाकट्याला आता वाट पाठ होती, पण ठरल्याप्रमाणे तो चुकत राहिला. शेवटच्या मनोऱ्यालाच त्यांना कितीतरी आठवडे लागले. वेबसाइटवर त्याचं परीक्षण नव्या परीक्षणांखाली कुठल्या कुठे गेलं होतं. संपादिका दुसरेच गेम पाठवत होती, आणि तो ते उरलेल्या वेळात, उरलेल्या अंगठ्यांनी उरकत होता.

एका दुपारी ते वर पोचले. कवळी मिळाली. ड्रॅगनने बोळकं पसरलं आणि राजा म्हणाला, बसव रे. इथे सभ्य हुजऱ्याने वाकून कवळी बसवली होती. यांच्या हुजऱ्याने ती राजाच्या हातात ठेवली. "दोन हात तुम्हालाही आहेत, महाराज," तो म्हणाला, आणि मनोऱ्याच्या पायऱ्या उतरून निघून गेला. पुढे एक रस्ता, रस्त्याच्या कडेला एक बाक. हुजऱ्या बाकावर बसला. त्याने जोडे काढले. गेम करणाऱ्यांची नावं वर सरकत राहिली, आणि तो नुसता बसून राहिला.

धाकटा पडद्याकडे बघतच राहिला. हे त्याने पाहिलंच नव्हतं. फरक पडत होता. त्याने मात्र पडत नाही म्हणून लिहून टाकलं होतं.

"तुलाही हे माहीत नव्हतं," दादा म्हणाला. धाकट्याचा चेहरा त्याला लहानपणापासून वाचता येत होता.

"नाही."

"मग चार तारे कशाच्या जोरावर दिलेस?"

धाकटा म्हणाला, आजच संपादिकेला सांगून ती ओळ बदलून घेतो. दादा म्हणाला, बदल. आणि पुढच्या वेळी छापायच्या आधी मला विचार. मग बराच वेळ तो त्या बाकावरच्या माणसाकडे बघत राहिला. नावं संपली तरी हुजऱ्या तिथेच होता, पायाची बोटं हलवत.

"बरं केलंय पोरांनी," दादा म्हणाला. "त्याला उठवू नको."

यंत्राची वेळ संपल्याचा आवाज झाला. सिस्टरने सुया काढल्या. रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरायचं काम धाकट्याचं होतं. तो दोन्ही दुखऱ्या अंगठ्यांनी दाबून बसला. दादाने डोळे मिटले होते. बाहेरून रिक्षावाल्याचा फोन येऊन गेला, धाकट्याने उचलला नाही. हात मोकळे नव्हते.