जावातली सासुरवाडी

माझी सासुरवाडी जावा बेटावर आहे असं सांगितलं की इथे कुवेतला, महबूल्यातली आपली माणसं आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे बालीला का?" बाली नव्हे. मध्य जावात डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव आहे. एका बाजूला उतरत गेलेली भातखाचरं, दुसऱ्या बाजूला लवंगेची झाडं, मधे कौलारू घरं. पर्यटक तिथे कशाला जाईल?

माझी बायको नर्स. कुवेतमध्ये एका खासगी दवाखान्यात होती. मी फिंतासला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला. एकदा दुकानाचं शटर हातावर आलं आणि पट्टी करायला मी तिच्यासमोर जाऊन बसलो. नंतर पट्टी बदलायला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा गेलो. लग्न करायचं ठरलं तेव्हा रत्नागिरीला आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भात खाते का?"

"तिन्ही वेळ खाते."

"आणि मासे?"

"खाते. नारळाशिवाय तर त्यांच्यात काही शिजतच नाही."

"मग माझं काय म्हणणं असणार?" आई म्हणाली.

निकाहानंतर पहिल्यांदा त्या गावी गेलो. विमान, मग बस, आणि शेवटचा चढ मोटरसायकलच्या मागे बसून. घरात पोचल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर माझ्या हातात गरम भाताची बशी दिली. त्यांना मी इबू म्हणायला लागलो. इबू म्हणजे आई. त्यांचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला, जमीन चोपलेल्या मातीची, चूल लाकडाची. पाणी वरच्या झऱ्यावरून नळीने यायचं. कोरड्या दिवसांत नळी गप्प झाली की बायका डबे घेऊन झऱ्यापाशी रांग लावायच्या. गावात तरुण माणूस फारसा दिसायचा नाही. कुणी मलेशियात, कुणी सौदीत, कुणी शहरातल्या कारखान्यात. घराघरांत आजी-आजोबा आणि नातवंडं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावातही असंच होतं.

त्या वेळी सासरे होते. घराच्या मागे ओढा होता आणि ओढ्याने काठ खात खात थेट भिंतीपर्यंत मजल मारली होती. घर लाकडी. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात गावातले होते नव्हते तेवढे सगळे पुरुष जमलेले, म्हातारेसुद्धा. बायकोला विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "घर हलवायचंय."

मला वाटलं सामान हलवायचं असेल. पण कौलं आधीच उतरवून ठेवली होती आणि घराखालून जाड जाड बांबू आडवे-उभे बांधले होते. ते लोक घर उचलून नेणार होते. मीही जाऊन एका बांबूला खांदा दिला. कुणीतरी ओरडलं, "सातू, दुवा, तिगा!" एक, दोन, तीन, एवढं मला कळलं. घर करकरलं आणि जमिनीवरून सुटलं. मी त्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, त्यामुळे बांबू माझ्याच खांद्यात रुतायला लागला. मग मी गुडघे वाकवून, बदकासारखा चालायला लागलो. बायका हसून हसून बेजार. इबू घराच्या बाजूने चालत होत्या आणि सारख्या दटावत होत्या. आत भिंतीवरचं घड्याळ काढायचं राहून गेलं होतं, त्याची त्यांना काळजी. पेरूच्या झाडापलीकडे घर टेकवलं तेव्हा घड्याळ चालूच होतं.

नंतर केळीच्या पानांवर सगळे जेवायला बसले. सासरे माझ्याकडे बघून काहीतरी बोलले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोने सांगितलं, "म्हणतात, आता हा पाहुणा नाही."

खांदा आठवडाभर सुजलेला होता. तरी कुवेतला परत आल्यावर मला सारखं ते गाव आठवायचं. दुकानात गिऱ्हाईक ब्रेक पॅड मागायचं आणि मला अंगणात चटईवर वाळत घातलेल्या लवंगांचा वास यायचा. परदेशी गेलेल्यांना आपल्या गावाची आठवण येते हे मी लहानपणापासून बघितलं होतं. बायकोच्या गावाची अशी ओढ लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमची मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास सासरे गेले. बायको पोचली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्यानंतर इबू एकट्या. बायको ड्युटीवरून आली की फोन ओट्यावर टेकवून ठेवायची आणि कांदा चिरता चिरता आईशी बोलायची. पुष्कळदा दोघी बोलायच्यासुद्धा नाहीत. तिकडे त्यांची चूल, इकडे आमचा गॅस. शेवटी ती म्हणाली, "मी तिला इकडे आणते." व्हिजिट व्हिसा झाला आणि इबू महबूल्याला आल्या.

आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. इबूंनी बाल्कनीतून खाली बघितलं, लांब समुद्राची पट्टी बघितली आणि विचारलं, "शेजारी कोण राहतं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. इतकी वर्षं तिथे राहून आम्हाला सांगता येईना.

सासऱ्यांच्या नावाने जेवण घालायचा दिवस आला. इबूंनी पहाटेपासून पिवळा भात, नारळाच्या दुधातलं चिकन, ओलं खोबरं घालून भाज्या असं सगळं केलं आणि बशा भरायला घेतल्या. बायको म्हणाली, "इबू, इथे असं दारोदार जात नाहीत. लोक दार उघडत नाहीत."

"वाजवल्याशिवाय कसं उघडतील?" असं म्हणून त्या निघाल्यासुद्धा. मी बशा धरून मागे.

पहिलं दार मिसरी, म्हणजे इजिप्तच्या कुटुंबाचं. त्यांनी आधी घाबरून बघितलं, मग अरबीत इतके आशीर्वाद दिले की इबूंना आपण काय मोठं केलं तेच कळेना. समोरच्या दारात एक बाई आल्या, हाताला कणीक. मी हिंदीत सुरुवात केली. त्यांनी आत वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या!" मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"आम्ही पुण्याचे. आणि तुम्ही?"

"रत्नागिरी."

"कमाल आहे! लिफ्टमध्ये रोज बघतो की हो तुम्हाला." मग बशीकडे बघून हळूच म्हणाल्या, "आम्ही नॉनव्हेज खात नाही." मी इबूंना माझ्या मोडक्या इंडोनेशियनमध्ये सांगितलं, बायकोकडून एव्हाना तेवढी आली होती. त्या परत घरात गेल्या आणि नुसता भात, भाजी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्या बशीतून कोथिंबीरवड्या आल्या. बशी रिकामी परत आली नाही हे बघून इबू पहिल्यांदा मनापासून हसल्या. "इथेही माणसंच आहेत," असं त्या फोनवर गावातल्या मैत्रिणीला सांगत होत्या.

पण त्यांचं मन लागेना. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, मिरच्या आणून त्यांनी बाल्कनीत बी लावलं. उन्हाने रोपं करपली. शुक्रवारी फिंतासच्या किनाऱ्यावर नेलं तर चप्पल काढून वाळूत उभ्या राहिल्या आणि विचारलं, "इथे शेती कोण करतं?" फोनवर त्यांचं सगळं लक्ष तिकडे. झऱ्याला पाणी किती, कुणाचं भात किती पिवळं झालं. एक दिवस नाश्त्याला बसल्या असताना म्हणाल्या, "कापणी आली. मी जाते."

"अजून व्हिसा आहे," बायको म्हणाली. "तिथे तुला कोण आहे?"

"सगळे आहेत."

"आणि मी? मी इथे आहे ना!"

इबू उठल्या. तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांना विमानतळावर सोडून आलो. घरी आल्यावर बायको त्यांची उशी घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी इबू झऱ्याच्या वाटेवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दाराच्या फळीवर घालून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं आणि इस्पितळात पाळीपाळीने बसले. बायको मुलीला घेऊन गेली. शाळेची सुट्टीच होती. सुट्टी संपली, तिने रजा वाढवली. मग एक दिवस तिचा फोन आला.

"मी आता येत नाही."

"म्हणजे?"

"इथल्या आरोग्य केंद्रात नर्स हवी आहे. इबू वॉकर घेऊन चालते, पण एकटी नाही राहू शकत. आणि तिला इथून हलवायचं नाही मला. हलवून बघितलं एकदा." थोडं थांबून म्हणाली, "तू निकाहाच्या आधी काय म्हणाला होतास ते मला आठवतं."

मलाही आठवत होतं. माझे वडील आयुष्यभर कुवेतला आणि आई गावात. वडील म्हणजे आम्हा मुलांना रजेवर येणारा, अत्तराचा वास येणारा माणूस. मी तिला सांगितलं होतं, आपण काही झालं तरी एकत्र राहायचं. आता तेच पुन्हा होणार होतं, फक्त गाव बदललं होतं. मला तिच्यावर रागवायचं होतं. पण डोळ्यांसमोर वॉकर धरून मातीच्या जमिनीवर चालणाऱ्या इबू आल्या.

"राहा," मी म्हणालो. "मी येईन."

फ्लॅट सोडला. आता गावाकडच्याच दोघांबरोबर एका खोलीत राहतो. निघताना पुण्याच्या बाईंनी डबा भरून लाडू दिले आणि म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना सांगा, इथे आता आम्ही सणाला सगळ्या मजल्यावर फराळ देतो."

शुक्रवारी माझी सकाळ असते तेव्हा तिथे दुपार. इथे असताना मी मराठीत विचारलं की मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. आता गावातल्या जावानीजमध्ये देते, ती मला येत नाही, आणि मधेच माझ्यासाठी थांबून मराठी शब्द शोधते. बदकं कशी हाकलायची ते सांगते. चिखलात उभं राहून लावणी कशी केली ते सांगते. इबू फोन घेऊन न चुकता एकच प्रश्न विचारतात, जेवलास का. मागच्या शुक्रवारी म्हणाल्या, "कापणीला ये. तुझ्यासारखा उंच माणूस इथे कुणी नाही." ईदपर्यंत रजा मिळायची नाही, असं मी सांगितलं. त्या नुसतं "हो, हो" म्हणाल्या.

मग मुलीने फोन घेतला. कुणीतरी तिला बाहेरून हाक मारली आणि तिने फोन बंद न करताच खिशात टाकला. मी कानाला लावून बसलो. तिच्या चपला वाजत होत्या. कोंबड्या ओरडत होत्या. कुणी काही विचारलं, तिने धावता धावता उत्तर दिलं. मला एक शब्द कळला नाही. खोलीतला माझा जोडीदार म्हणाला, "चल, नमाजाची वेळ झाली." मी हाताने त्याला थांब म्हटलं आणि ऐकत राहिलो.